पोलादी पुरुषाचा मूळपुरुष

गेल्या वर्षीच्या श्रावणातील गोष्ट. बुधवार असल्यामुळे सक्करदऱ्याचा आठवडी बाजार भरला होता व आम्ही नातवास बरोबर घेऊन भाजी आणावयास गेलो होतो. दोडकी व चवळीच्या शेंगा पिशवीत पडून आम्ही परत फिरणार, तोच मुलांचे तयार कपडे टांगलेल्या एका हातगाडीपाशी चिरंजीव जे थांबले ते पाऊल उचलीनात. निळा सदरा, त्यावर छातीच्या मध्यभागी तांबडे-पिवळे पंचकोनी चिन्ह आणि पाठीवर तांबडी झूल. गाडीवाल्याने दोनशे सांगितले, आम्ही शंभर म्हटले, आणि दीडशेवर उभयपक्षी समाधान झाले. सदरा तेथेच अंगात चढवून चाललेल्या त्या सात वर्षांच्या मूर्तीने वाटेत विचारले, “आजोबा, सुपरमॅन खरा होता का हो?”

छत्तीस वर्षे मास्तरकी केलेल्या मनुष्याच्या तोंडी अशा प्रश्नास नकार तयारच असतो. तो आम्ही दिला व विषय संपविला. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र ध्यानात आले की, आपण मुलास अर्धेच उत्तर दिले. आकाशातून उडणारा तो पोलादी पुरुष कोणी कधी पाहिला नाही, हे खरे. परंतु त्याच कथेत दुसरा एक इसम आहे. चष्मा लावणारा, खांदे पाडून चालणारा, मुलींपुढे बोबडी वळणारा, वर्तमानपत्रात नोकरी करणारा क्लार्क केंट. तो मात्र खरोखरीच होऊन गेला. त्याचे कुळ, गाव, शाळा, सर्व काही ठाऊक आहे. कुलवृत्तांत छापून मूळपुरुषाचा शोध घेण्याची हौस आपल्या घराघरांत असते. तेव्हा बाजारात दीडशे रुपयांस मिळणाऱ्या या सदऱ्याच्या मूळपुरुषाची हकीकत वाचकांस अप्रिय होणार नाही, अशा समजुतीने ती येथे देत आहोत.

ज्या वडीलधाऱ्या वाचकांनी ही चित्रकथा कधी हाती धरली नाही, त्यांच्यासाठी कथाभाग थोडक्यात असा. क्रिप्टन नावाचा एक ग्रह नाश पावत असता तेथील एक शास्त्रज्ञ आपल्या तान्ह्या मुलास अग्निबाणात घालून पृथ्वीकडे रवाना करतो. येथे त्याचा सांभाळ दुसरेच आईबाप करतात, व मोठेपणी त्याच्या अंगी अचाट बळ प्रकट होते. कंसाच्या बंदिशाळेतून गोकुळात पोहोचलेल्या बाळाची कथा ज्यांच्या कानी लहानपणापासून पडली आहे, त्यांस यात नवल वाटू नये. पुढे हा मुलगा दोन रूपांनी वावरू लागतो. लोकांत तो भित्रा क्लार्क असतो आणि संकट पडले की पोलादी पुरुष. हेही आपणांस नवे नाही. विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन राजकन्येस नाच शिकविणारा अर्जुन आणि ऋतुपर्णाच्या पदरी बाहुक होऊन राहिलेला नल हे आपल्या परिचयाचे आहेत. भेद इतकाच की, अर्जुन मूळचा अर्जुन होता व बृहन्नडा हे सोंग होते. अमेरिकेतील ही कथा ज्यांनी रचिली ते मूळचे बृहन्नडाच होते आणि अर्जुन त्यांनी स्वप्नात पाहिला होता.

हे रचनाकार म्हणजे ओहायो प्रांतातील क्लीव्हलँड शहरी एकाच शाळेत शिकणारी दोन मुले. दोघांचाही जन्म १९१४ चा. जेरी सीगल हा तेथलाच, कपड्यांच्या दुकानदाराचा मुलगा, सहा भावंडांत धाकटा. जो शुस्टर हा कॅनडातील टोरांटोचा. त्याचे वडील शिंपीकाम करीत व मुलगा दहा वर्षांचा असता कुटुंब क्लीव्हलँडला आले. दोन्ही घरे यूरोपातून आलेल्या यहुदी निर्वासितांची. जेरी लिही, जो चित्रे काढी. जोच्या घरी कागदाची इतकी वानवा की, भिंतीस चिकटवावयाच्या कागदाची पाठकोरी बाजूही तो सोडीत नसे. आणि हिवाळ्यात घर तापविण्यास पैसे नसल्याने अंगात एकावर एक स्वेटर व हातांत मोजे घालून तो चित्र काढावयास बसे. अभ्यासात दोघेही सामान्य. मैदानात त्यांस कोणी संघात घेत नसे. दोघांनाही जडलेले वेड एकच, विज्ञानकथांचे.

या वेडाचा उगम सांगणे अवश्य आहे. १९२६ च्या एप्रिलात ह्यूगो गर्न्सबॅक नावाच्या गृहस्थाने ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक न्यूयॉर्कला काढले. केवळ विज्ञानकथांस वाहिलेले असे हे पहिलेच इंग्रजी मासिक. त्यातील कथांचे वाङ्मयीन मूल्य फारसे नव्हते, असे जाणकार म्हणतात. परंतु गर्न्सबॅकने एक साधी गोष्ट अशी केली की, वाचकांची पत्रे छापताना त्यांखाली पत्रलेखकाचा पूर्ण पत्ताही छापला. झाले! ज्या मुलास आपल्या गल्लीत, आपल्या वर्गात, चंद्रावरील स्वारीविषयी बोलावयास एकही सोबती नव्हता, त्यास पाचशे कोसांवरचा सोबती मिळू लागला. आमच्या विदर्भाच्या भवभूतीस समानधर्म्याची वाट पाहत अनंत काळाकडे डोळे लावावे लागले. या मुलांचे काम टपालाच्या तिकिटावर भागले. न्यूयॉर्कच्या मॉर्ट वाइसिंगर व ज्यूलियस श्वार्ट्झ या मुलांनी १९३२ मध्ये ‘द टाइम ट्रॅव्हलर’ हे चाहत्यांचे चिमुकले पत्र काढले. लॉस एंजेलिसचा फॉरेस्ट अ‍ॅकरमन पत्रांवर पत्रे लिहीत होता. आणि क्लीव्हलँडहून जेरी सीगलही लिहीत होता.

जेरीने त्याच वर्षाच्या अखेरीस स्वतःचा अंक काढला. टंकलेखन करावयाचे, चक्रमुद्रण यंत्रावर प्रती काढावयाच्या, टाचण्या मारावयाच्या व टपालात टाकावयाच्या. आपल्या शाळांतून पूर्वी हस्तलिखित निघत असे, त्याच जातीचा हा प्रकार. एकंदर पाच अंक निघाले. पैकी १९३३ च्या जानेवारीतील अंकात जेरीने एक गोष्ट लिहिली, जोने तीस चित्रे दिली, व तीत ‘सुपरमॅन’ हा शब्द त्यांनी प्रथम वापरला. मौज अशी की, या गोष्टीतला सुपरमॅन खलपुरुष आहे. मोफत अन्नाच्या रांगेतला एक भणंग मनुष्य एका शास्त्रज्ञाच्या प्रयोगास बळी पडतो, त्यास दुसऱ्याचे मन वाचण्याची शक्ती येते, तो जगाचा स्वामी होऊ पाहतो, व औषधाचा अंमल सरताच पुन्हा त्याच रांगेत येऊन उभा राहतो. मंदीच्या त्या दिवसांत अशा रांगा जेरीच्या नित्य दृष्टीस पडत असत. गोष्टीखाली त्याने स्वतःचे नाव घातले नाही. हर्बर्ट फाइन असे टोपणनाव घेतले.

टोपणनावावरून आठवले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. तीत ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेस पहिले पारितोषिक मिळाले व लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप कोण, याचा उलगडा झाला तेव्हा ते प्रख्यात ज्योतिर्भौतिकशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर निघाले. आद्याक्षरे उलटी फिरवून त्यांनी नाव बनविले होते, व अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नीकडून लिहून घेतली होती. गुरू फ्रेड हॉइल यांच्या विज्ञानकथांचा आदर्श त्यांच्यापुढे होताच. जगभर कीर्ती पावलेल्या पंडितासही आपले हे वेड प्रथम मुखवट्याआडूनच लोकांपुढे आणावेसे वाटले! पुढे हेच नारळीकर नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले. त्यांच्या आधीच्या पिढीत भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या, आणि त्याच लेखणीतून फुरसुंगीचा फास्टर फेणे जन्मास आला. असो. आपण क्लीव्हलँडला परत जाऊ.

१९३२ च्या जून महिन्यात जेरीवर मोठा आघात झाला. वडिलांच्या दुकानात चोरटे शिरले, त्या गडबडीत वडील कोसळले व हृदय बंद पडून मरण पावले. त्यानंतर थोड्याच काळात जेरीच्या डोक्यातला सुपरमॅन पालटू लागला. खलपुरुषाचा तो तारक झाला, ज्याच्या छातीवर बंदुकीची गोळी आपटून खाली पडावी. या दोन गोष्टींचा संबंध पुढे चरित्रकारांनी जोडला आहे. इतका सुबक कार्यकारणभाव आम्हांस सहसा रुचत नाही. मनुष्याचे मन हे व्याकरणाचे सूत्र नव्हे. तथापि पहिल्याच प्रसिद्ध कथेत हा वीर काय करतो, ते पाहावे. निरपराध बाईस फाशीच्या दारातून सोडवितो, बायकोस मारणाऱ्या नवऱ्याचे पारिपत्य करतो, गुंडांची मोटार उचलून खडकावर आपटतो आणि एका लाचखाऊ राजकारण्याच्या मागे लागतो. परग्रहावरील राक्षस त्यात एकही नाही. सर्व शत्रू शेजारपाजारचेच आहेत.

हा नवा वीर प्रथम कोणासही नको होता. एका प्रकाशकाने नाकारल्यावर जोला इतका विषाद झाला की, त्याने काढलेली सर्व पाने जाळून टाकली; जेरीने झडप घालून केवळ मुखपृष्ठ वाचविले. पुढे एका रात्री जेरीस झोप येईना. एकामागून एक प्रसंग सुचत गेले, ते तो उठून उठून टिपीत राहिला, आणि उजाडताच दहाएक गल्ल्या ओलांडून जोच्या घरी धावत सुटला. दोघे दिवसभर पोळी-तुकड्यावर राहून काम करीत बसले. ही हकीकत जेरीने पुढे अनेकांस सांगितली आहे. त्या रात्रीच क्लार्क केंट सिद्ध झाला. शाळेतील काही मुली जेरीस आवडत. त्या त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. आपल्या अंगी काही अलौकिक असते आणि तिला ते ठाऊक नसते तर कसे, ही त्या पात्राची बीजकल्पना होती, असे जेरीने स्वतः सांगितले आहे. जोचाही स्वभाव तसाच लाजरा, त्यालाही चष्मा. मुद्रेत थोडा मूकपटांतील चष्मेवाला विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड मिसळला; नाव दोन नटांच्या नावांतून जुळविले. जो लहानपणी टोरांटोस ‘डेली स्टार’ हे वर्तमानपत्र रस्त्यावर विकीत असे. क्लार्कला नोकरी लागली तीही आरंभी ‘डेली स्टार’मध्येच, ‘प्लॅनेट’ हे नाव मागाहूनचे.

येणेप्रमाणे विज्ञानकथांच्या दोन वेड्यांनी आपलेच रूप कागदावर उतरविले. १९३८ च्या जून महिन्याच्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात ती तेरा पाने छापली गेली. पानास दहा डॉलर हा भाव. एकूण १३० डॉलर हाती पडले. मात्र त्याबरोबर दोघांनी जो कागद सही करून दिला, त्यायोगे सुपरमॅन कायमचा प्रकाशकाच्या मालकीचा झाला. १९३९ च्या जानेवारीपासून वर्तमानपत्रांतून रोजची चित्रमालिका सुरू झाली व पाहता पाहता ती शेकडो पत्रांत पसरली. दोघांस पगार बरा मिळे, परंतु पात्र त्यांचे राहिले नव्हते. १९४७ मध्ये त्यांनी दावा लावला, पुढील वर्षी सुमारे ९४,००० डॉलरवर तडजोड झाली, आणि चित्रकथेच्या शिरोभागी छापली जाणारी त्यांची नावे नाहीशी झाली.

त्यानंतरचा पाव शतकाचा काळ वाचताना जीव कष्टी होतो. जोची दृष्टी मंदावली व चित्रकला सुटली. उपजीविकेसाठी तो न्यूयॉर्कमध्ये सामान व निरोप पोचविण्याचे काम करू लागला. जेरी कॅलिफोर्नियात एका कचेरीत किरकोळ पगारावर कारकून झाला. ज्याच्या पराक्रमावर एक मोठा धंदा उभा राहिला होता, तो पोलादी पुरुष स्वतःच्या जन्मदात्यांस सोडविण्यास काही आला नाही. अखेर १९७५ मध्ये जेरीने वर्तमानपत्रांस जळजळीत पत्रक धाडले. नील अ‍ॅडम्स व जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी त्यांची बाजू उचलून धरली. सुपरमॅनवर मोठा बोलपट निघावयाचा होता, आणि लोकापवादाचे भय कंपन्यांसही असते. त्या डिसेंबरात प्रत्येकास वर्षाला २०,००० डॉलर तहहयात द्यावयाचे व कथेवर पुन्हा दोघांची नावे घालावयाची, असे ठरले. आमच्या समजुतीप्रमाणे या दोहोंत नावाची किंमत त्यांना अधिक वाटली असावी. जो १९९२ मध्ये व जेरी १९९६ मध्ये वारला. १३० डॉलरची ती रक्कम ज्या धनादेशात अंतर्भूत होती, तो जुना कागद २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरना गेला. आणि पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ मध्ये साठ लाख डॉलरना. यावर आम्ही अधिक काय लिहावे?

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. किंबहुना तिच्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला, असे म्हटले तरी चालेल. १९८७ साली आम्ही एका शाळेत आठवीच्या वर्गास संस्कृत शिकवीत होतो. त्या काळी मुलांच्या दप्तरांतून इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक फिरत, व ते जप्त करणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजत असू. एके दिवशी ‘राम’ शब्द चालविण्याचा पाठ चालू असता मागील बाकावरील एका मुलाच्या मांडीवर वही उघडी दिसली. ती आम्ही ओढून घेतली. पाहतो तो छापील अंक नव्हे. शंभर पानांच्या रेघी वहीत त्या मुलाने स्वहस्ते एक चित्रकथा रचिली होती. मंगळावरील स्वारीची. चौकटी पाडलेल्या, माणसांच्या तोंडून निघणारी वाक्ये फुग्यांत लिहिलेली. मंगळाचा दुष्ट अधिपती पाठीस पोक आलेला, गोल भिंगांचा चष्मा लावणारा होता. त्याच्या हाती भली मोठी काळी छत्री होती व तिच्या टोकातून किरण निघत. धरून आणलेल्या पृथ्वीवासीयांस तो विभक्ती पाठ करावयास लावी. नाव ‘वक्राचार्य’.

आमच्या हातीही तेव्हा काळी छत्री असे.

वर्ग हसला. आम्ही त्या मुलास दोन छड्या मारल्या, वही शिक्षकांच्या खोलीतील कपाटात फेकली व तास पुढे चालू केला. वर्षअखेरीस मुले जप्त वस्तू मागावयास येत, तसा तो आला नाही. आणि आम्हीही दिली नाही. शाळेच्या हस्तलिखिताचे संपादन त्या वर्षी आमच्याकडेच होते. त्यात सुभाषिते होती, ‘माझी आई’ या विषयावर तीन निबंध होते, चित्रे मात्र एका मुलीने काढलेल्या दोन कमळांपलीकडे नव्हती. पुढे कितीतरी वर्षांनी कोश चाळता चाळता आढळले की, ‘वक्र’ हे मंगळाचेच एक नाव आहे. मुलास ते ठाऊक असण्याचा संभव नव्हता. पण शब्द अचूक पडला होता. त्या दिवशी कपाट उघडून पाहिले. मध्यंतरी ते दोनदा झाडले गेले होते. वही नव्हती.

सदरा घेतला त्याच्या पुढच्याच महिन्यात गणेशोत्सव आला. आळीच्या मंडळाचा फलक छापून आणण्याचे काम आमच्याकडे आले, म्हणून उमरेड रस्त्यावरील एका फ्लेक्सच्या दुकानात गेलो. संगणकापुढे बसलेले पन्नाशीचे गृहस्थ उठून आमच्या पाया पडले. “सर, ओळखलं नाही का? आठवी ब.” आम्ही ओळखले. मजकूर दिला, गणपती कोणता हवा ते ठरले. पैशांचे काढताच त्यांनी हात जोडले. निघताना आम्ही धीर करून म्हटले, “तुझी एक वही आमच्याकडून गहाळ झाली. मंगळाची.” ते हसले व म्हणाले, “वही? मला तर काही आठवत नाही, सर.” हे खरे की सौजन्याचे, ते मुद्रेवरून कळले नाही. छत्तीस वर्षे मुलांच्या मुद्रा वाचीत असल्याचा आमचा समज होता.

दुसऱ्या दिवशी फलक आला. मंडळाच्या मुलांनी तो उलगडून मंडपाच्या दाराशी बांधला. मजकुरात एकही अशुद्ध नव्हते. मध्यभागी गजानन, खाली मोदकांचे ताट, आणि उजव्या कोपऱ्यात उंदीर. नातू निळा सदरा घालून आमच्या शेजारी उभा होता. त्याने बराच वेळ वर पाहिले आणि आमचा हात ओढला.

“आजोबा, या उंदराच्या हातात छत्री का आहे?”